सरकारी रुग्णालयातली गर्दी, संप आणि कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न केसपेपरच्या रांगेत, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यांवर आणि रात्री कॅज्युअल्टीच्या पायऱ्यांवर विचारले जातात. रुग्णांच्या नातेवाइकांसोबत वावरताना मी ते वर्षानुवर्षे ऐकते आहे. लोकांचा संताप खरा आहे आणि त्याला कारणेही आहेत. पण तो निघतो समोर दिसणाऱ्या सिस्टरवर, वॉर्डातल्या मामांवर, नाहीतर पंचविशीतल्या निवासी डॉक्टरवर. ज्या टेबलावर फाइल अडलेली असते तिथे कुणी फिरकतही नाही. ते टेबल सापडावे म्हणून ही उत्तरे लिहिली आहेत. ती महाराष्ट्रापुरती आहेत. सिंधुदुर्गच्या लोकांमुळे गोव्याचा विषयही त्यात येतो.

सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. लोकसंख्या वाढली म्हणूनच ना?

नुसत्या लोकसंख्येवर बोट ठेवून चालणार नाही. कागदावरची रचना चांगली आहे. ५,००० वस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र (आदिवासी आणि डोंगरी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००), त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचे सिव्हिल आणि सगळ्यात वर मेडिकल कॉलेज. ताप, जुलाब, साधे बाळंतपण खालीच निभावावे आणि अवघड तेवढेच वर यावे, अशी कल्पना.

पण आरोग्य केंद्राची इमारत उभी असते आणि रात्री तिथे डॉक्टर नसतो. ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटर असते आणि भूलतज्ज्ञ नसतो, मग सिझर करणार कोण? केसपेपरवर 'रेफर' लिहितात आणि बाईला पुढे पाठवतात. उपजिल्ह्यात रक्ताची पिशवी नसते, म्हणून सिव्हिल. सिव्हिलमध्ये नवजात बाळांच्या कक्षात जागा नसते, म्हणून मेडिकल. प्रत्येक मुक्कामावर तास-दोन तास जातात. शेवटच्या ठिकाणी 'नाही' म्हणायची सोय नसते, म्हणून तालुक्या-तालुक्याने नाकारलेले सगळे तिथे जमिनीवर गादी टाकून झोपलेले दिसतात. आपण ज्याला गर्दी म्हणतो ती खालच्या मजल्यांवरच्या रिकाम्या खुर्च्यांची बेरीज आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या (सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेच्या) अहवालातही हेच निघाले: डॉक्टरांची चौथ्या हिश्श्याहून अधिक आणि परिचारिकांची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मंजूर पदे भरलेली नव्हती. यातला 'मंजूर' शब्द लक्षात ठेवा. मंजूर पदे कागदावरच्या खाटांच्या हिशेबाने ठरतात, वॉर्डात प्रत्यक्ष झोपलेल्या माणसांच्या हिशेबाने नाही. म्हणजे सगळी पदे भरली तरी माणसे कमीच पडतील.

पदे भरत का नाहीत? डॉक्टर तर दरवर्षी हजारोंनी बाहेर पडतात.

भरती वर्षानुवर्षे रेंगाळते आणि मध्ये ११-११ महिन्यांच्या कंत्राटावर काम भागवले जाते. कंत्राटी माणसाला उद्याची खात्री नसते, म्हणून तो बरे काही मिळाले की जातो. स्त्रीरोग, बालरोग आणि भूल या तिन्हींच्या तज्ज्ञांना तालुक्याच्या गावात सरकारी पगारावर टिकवणे अवघड आहे. आणि या तिघांतला एक नसला की उरलेल्या दोघांचे हातही बांधले जातात.

त्यात नवी मेडिकल कॉलेजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एका दमात १० सरकारी कॉलेजांचे उद्घाटन झाले. जालना, हिंगोली, वाशीम, गडचिरोलीला कॉलेज हवेच. पण नव्यासाठी माणसे नव्याने घेण्याऐवजी जुन्या कॉलेजांतले अध्यापक प्रतिनियुक्तीवर तिकडे हलवले, की पाटी नवी लागते आणि तुटवडा दोन्हीकडे वाटला जातो.

नांदेडला २०२३ मध्ये नेमके काय झाले होते?

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबरच्या अखेरीस आणि १ ऑक्टोबरला मिळून २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बाळे होती. पुढच्या दिवसातले धरून ४८ तासांतला आकडा ३१ झाला. त्याच सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या घाटीतूनही (तिथल्या सरकारी मेडिकलच्या रुग्णालयातूनही) तशाच बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रुग्णांचा भार जास्त होता हे कारण सांगून शासनाला अंग काढून घेता येणार नाही, असे बजावले.

रुग्णालयाने सांगितले की रुग्ण लांबून, शेवटच्या अवस्थेत येतात. बदल्यांमुळे माणसे कमी आहेत. औषधांची अडचण आहे. मंत्रालयाने सांगितले की औषधांचा तुटवडा नव्हता. दोन्ही निवेदने एकाच सरकारची.

लांबून येतात हे खरेच आहे. नांदेडच्या त्या रुग्णालयात हिंगोली-परभणीचे, यवतमाळच्या कडेचे आणि तेलंगणाच्या सीमेवरचेही लोक येतात. पण 'शेवटच्या अवस्थेत येतात' या वाक्याला पुढचा प्रश्न विचारायला हवा: पहिल्या अवस्थेत ते कुणाच्या दारात गेले होते?

नवजात बाळांच्या कक्षातली गर्दी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही, म्हणून सांगते. कमी वजनाच्या बाळाला वॉर्मरवर ठेवतात. वरून ऊब येते आणि बाळाच्या पोटावर चिकटवलेला बारीक सेन्सर त्याचे तापमान मोजून ती ऊब कमी-जास्त करतो. वॉर्मर एका बाळासाठी असतो. बाळे वाढली की एकावर दोन, कधी तीन आडवी ठेवावी लागतात. सेन्सर मात्र एकालाच लागतो. त्याला थंडी वाजली की ऊब वाढते, शेजारच्याला ती सोसते की नाही हे यंत्राला कळत नाही. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला व्हायला मधे वीतभर अंतरही उरत नाही. आणि हे सगळे बघायला रात्रपाळीला एक किंवा दोन सिस्टर. त्या रात्री चुकले कोण, हे शोधण्याआधी ही मांडणी कुणी मान्य केली ते शोधायला हवे.

त्यानंतर घडले ते असे: एका खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले आणि त्याचे चित्रीकरण झाले. शौचालय घाण होते यात शंका नाही. पण सफाईची पदे आणि कंत्राटे अधिष्ठात्यांच्या एकट्याच्या सहीने मंजूर होत नाहीत. ती ज्या सभागृहात आणि ज्या खात्यात ठरतात तिथे लोकप्रतिनिधींचे वजन जास्त असते.

आणि कळव्याला?

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले. चौकशी समिती बसली. त्या बातमीत एक गोष्ट मागे पडली: ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी केली होती आणि तिथला भार कळव्याकडे सरकला होता. एक रुग्णालय बंद करताना तिथले रुग्ण कुठे जातील याची सोय आधी करावी लागते. हे नियोजनाचे काम आहे आणि ते वॉर्डात बसून कुणी करू शकत नाही.

औषध 'बाहेरून आणा' का सांगतात? खिडकीत तर सरकारी शिक्क्याच्या स्ट्रिपा दिसतात.

कारण खिडकीतल्या स्ट्रिपा पॅरासिटामॉलच्या असतात आणि तुम्हाला हवे असते इंजेक्शन. २०१७ पासून राज्याच्या औषधखरेदीचे काम हाफकिनच्या महामंडळाकडे दिले. मागणी जायची, निविदा निघायची, दर ठरायचे, पैसे वर्ग व्हायचे आणि या सगळ्यात वर्ष उलटायचे. निधी पडून आणि वॉर्डात औषध नाही, असा उलटा प्रकार बरीच वर्षे चालला. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढले. मधल्या काळात स्थानिक खरेदीवर भागवायचे. तिची मर्यादा संपली की डॉक्टरच्या हाती फक्त कोरी चिठ्ठी उरते.

स्थानिक खरेदीत दुसरा धोकाही आहे. २०२४ मध्ये नागपूर आणि आंबेजोगाईच्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांत बनावट गोळ्या निघाल्या. मूळ औषधच त्यांत नव्हते. ज्याला न्यूमोनिया आहे आणि जो पाच दिवस त्या गोळ्या घेतोय, त्याच्या जिवाशी हा खेळ आहे. माझ्या मते अशा प्रकरणात पुरवठादाराइतकीच जबाबदारी तपासणीचा अहवाल येण्याआधी माल वॉर्डात वाटणाऱ्या व्यवस्थेची आहे.

व्यवहारात काय करायचे? चिठ्ठी कोऱ्या कागदावर घेऊ नका. औषधाचे नाव केसपेपरवरच लिहून मागा आणि 'रुग्णालयात उपलब्ध नाही' असे शब्द लिहायला नम्रपणे सांगा. बाहेरचे बिल जपून ठेवा. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव मंजूर झाले असेल तर त्या उपचाराची औषधे बाहेरून आणायला सांगताच येत नाहीत.

सरकारने सगळे मोफत केले म्हणतात, मग आमच्याकडून पैसे का घेतले?

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत आहे. म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. मेडिकल कॉलेजची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याची आणि केईएम, सायन, नायरसारखी रुग्णालये महापालिकेची. त्यांना तो निर्णय लागू नाही. तुम्हाला तीन इमारती सारख्याच सरकारी दिसतात, पण मालक तीन आहेत. गरोदर बाई आणि आजारी तान्हे बाळ यांना मात्र जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सगळ्याच सरकारी रुग्णालयांत बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, पावती मागा.

डॉक्टर नीट बोलत नाहीत, अंगावर येतात. असे का?

सगळेच तसे नसतात. पण बोलणे तुटक असते हे मान्य. सरकारी मेडिकलमध्ये तुम्हाला जो डॉक्टर दिवसरात्र दिसतो तो बहुधा निवासी डॉक्टर असतो, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा. १९९२ च्या केंद्राच्या निवासी योजनेत त्याच्या कामाचे तास दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ ठरले आहेत. प्रत्यक्षात इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आठला आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर जातो. मेसचा डबा तसाच राहतो. हॉस्टेलच्या एका खोलीत तिघे-चौघे. विद्यावेतन कधी वेळेवर येते, कधी नाही.

एका वॉर्डात मी पाहिले: पहाटे चारला एक मुलगी एका हाताने बेशुद्ध म्हाताऱ्याची अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत होती आणि मान वळवून दुसऱ्या रुग्णाच्या मुलाला साखरेचे इंजेक्शन किती द्यायचे ते सांगत होती. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. तो मुलगा 'नीट सांगा ना' म्हणून ओरडला, ती त्याच्यावर ओरडली. दोघांनाही रडू येत होते. त्या क्षणी तिथे असायला हवे होते असे निदान चार जण तिथे नव्हते, आणि ते का नव्हते याचे उत्तर त्या दोघांकडेही नव्हते.

मग म्हणून संप करायचा? रुग्णांनी मरायचे?

हा सगळ्यात रागाने विचारला जाणारा प्रश्न आहे आणि विचारणाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही तो तसाच विचारला असता. मराठवाड्यातून आठ तास प्रवास करून मुंबईला आलेल्या माणसाला ओपीडीच्या दाराला कुलूप दिसले तर त्याने काय करावे? त्याचा दिवसाचा रोज गेला, गाडीभाडे गेले, ऑपरेशनची तारीख दोन महिने पुढे गेली. संपाची खरी किंमत हाच माणूस मोजतो.

तरीही गेल्या काही वर्षांतले संप ओळीने मांडून पाहा. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातले सुमारे ७,००० निवासी डॉक्टर संपावर गेले. मुख्य मागण्या होत्या वरिष्ठ निवासींची १,४३२ पदे आणि राहण्याजोगी हॉस्टेल. म्हणजे रुग्ण बघायला आणखी डॉक्टर द्या, असे ते म्हणत होते. बोलणी झाली, संप मिटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा संप, पुन्हा हॉस्टेल आणि वेळेवर विद्यावेतन. १०,००० रुपयांची वाढ जाहीर झाल्यावर तो मिटला. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे संप केला. १० वर्षे सेवा झालेल्यांना कायम करण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. त्याची अंमलबजावणी होईना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये तेच लोक पुन्हा रस्त्यावर. परिचारिकांनी २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून भरतीला विरोध केला, २०२५ मध्ये वेतनातल्या तफावतीसाठी काम थांबवले.

या सगळ्यांत एक क्रम सारखाच दिसतो. निवेदन देतात, उत्तर येत नाही. काळ्या फिती लावतात, दखल नाही. संप करतात, तेव्हा दोन दिवसांत मंत्र्यांच्या दालनात बैठक. तोंडी आश्वासन मिळते, संप मागे. जीआर निघत नाही, निघाला तर निधी येत नाही. मग पुढचा संप. निवेदनावर जी बैठक व्हायला हवी ती फक्त संपावर होते, हे सरकारनेच लोकांना शिकवले आहे. संप टाळायचा उपाय म्हणजे मागच्या आश्वासनाची तारीख पाळणे, आणि तो पूर्णपणे सरकारच्या हातात आहे.

डॉक्टर संघटनांनाही एक गोष्ट सांगायला हवी. कुठल्या ओपीडी बंद, कुठल्या चालू, ठरलेल्या ऑपरेशनचे काय, हे आधी जाहीर करायला काहीच लागत नाही. लांबच्या रुग्णाला आदल्या दिवशी एक फोन गेला तर त्याचा प्रवास वाचतो. हे अजूनही बहुतेक वेळा होत नाही आणि ते अक्षम्य आहे.

संपात काय चालू असते?

निवासी डॉक्टरांच्या संपात बहुधा कॅज्युअल्टी, अतिदक्षता विभाग आणि प्रसूती विभाग चालू ठेवतात. ओपीडी, नेहमीचे वॉर्ड आणि ठरलेली ऑपरेशने अडतात. अध्यापक डॉक्टर काम सांभाळतात. जिवावरचे असेल तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा.

अत्यावश्यक सेवेत संप बेकायदा नाही का?

सरकार 'मेस्मा', म्हणजे अत्यावश्यक सेवेतला संप रोखणारा राज्याचा कायदा, लावू शकते आणि लावतेही. सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले आहे. पण मेस्माने रिकामे पद भरत नाही आणि वॉर्मर वाढत नाही.

आशाताई संपावर गेल्या तर आमचे काय अडते?

खेड्यात राहत असाल तर पुष्कळ. गरोदर बाईची नोंद, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी बोलावणे, बाळाचे वजन, क्षयरुग्णाच्या गोळ्या, साथीचा सर्व्हे, कार्ड काढणे, सगळे तिच्याकडे. राज्यात अशा सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत, त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी संप केला, वाढीव मोबदल्याचे आश्वासन मिळाले, कामावर परतल्या. शासन निर्णय आला नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा काम बंद आणि मग आझाद मैदान. तिथे थंडीत आणि नंतर उन्हात दिवसच्या दिवस बसल्यावर मार्चमध्ये दरमहा ५,००० रुपये वाढीचा निर्णय निघाला. पहिल्या आश्वासनाच्या वेळीच कागद निघाला असता तर मधले महिने गावोगाव गरोदर बायांच्या भेटी चुकल्या नसत्या.

रुग्ण दगावल्यावर माणसाचा तोल जातो. हात उगारला तर काय होते?

२०१० च्या राज्याच्या कायद्याने डॉक्टर, नर्स किंवा रुग्णालयावरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभर डॉक्टर रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचले आणि रुग्णालयांत सुरक्षा बलाचे जवान नेमायचे ठरले. हल्ल्यानंतर नेहमी हेच होते: ज्याने मारले तो कोर्टात, ज्याला मारले तो बिछान्यात आणि दुसऱ्या दिवशी ओपीडी बंद, म्हणून आणखी शंभर रुग्ण परत. मृत्यूबद्दल संशय असेल तर शवविच्छेदनाची मागणी लेखी करा आणि केसचे कागद मागा. त्याने खरे काय ते बाहेर येण्याची शक्यता आहे.

आम्ही सिंधुदुर्गचे. बांबोळीला पैसे का मागतात?

बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गोव्याच्या सरकारचे आहे आणि जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याचा माणूस डोक्याला मार लागला की पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीलाच जातो, कारण कोल्हापूर घाटापलीकडे आणि मुंबई एका रात्रीवर. गोव्याच्या करदात्याने हा भार का सोसावा, हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो ओरोसला (आपल्या जिल्ह्याच्या मुख्यालयाला) आणि मुंबईला विचारायला हवा: जिल्ह्यात मेडिकल कॉलेज आले, तरी मेंदूच्या दुखापतीला अजून सीमा का ओलांडावी लागते?

बांबोळीचेच आणखी एक प्रकरण सांगते. जून २०२५ मध्ये गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी तिथल्या कॅज्युअल्टीत एका वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर झापले आणि तिथल्या तिथे निलंबनाचा आदेश दिला. तक्रार एका इंजेक्शनवरून होती. डॉक्टर एकवटले, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी निलंबन थांबवले आणि मंत्र्यांना माफी मागावी लागली. रुग्णाची तक्रार खरी असेलही. पण चौकशीची पद्धत असते, तक्रार निवारणाची समिती असते. मंत्र्यांच्या आवाजाने एका रुग्णाचे इंजेक्शन होईल, पुढच्या दहा जणांचे काय?

'बेड नाही' म्हणून परत पाठवले तर?

तातडीच्या रुग्णाला जागा नाही म्हणून हाकलता येत नाही. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. राज्याकडे पैसा नाही ही सबब चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. त्यामुळे निदान प्राथमिक उपचार, स्थिर करणे आणि पुढे न्यायला गाडी एवढे मागायचा तुम्हाला हक्क आहे. परत पाठवत असतील तर केसपेपरवर कारण, वेळ आणि सही घ्या. नुसते तोंडी 'दुसरीकडे न्या' ऐकून निघू नका.

जवळ धर्मादाय रुग्णालय असेल तर तेही लक्षात ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवायचे नाही. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवकाला भेटा; काउंटरवरचा माणूस योजनेचे नाव स्वतःहून काढत नाही.

महात्मा फुले योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा किंवा १५५३८८ वर फोन करा.

ग्राहक मंचात जाता येते का?

सगळ्यांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध साधारणपणे नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल तसा आहे. दिवाणी दावा, मानवी हक्क आयोग, वैद्यकीय परिषद हे मार्ग उरतात.

तक्रार करायची कुणाकडे?

मेडिकलमध्ये वैद्यकीय अधीक्षक आणि अधिष्ठाता, सिव्हिलमध्ये जिल्हा शल्यचिकित्सक, आरोग्य केंद्रासाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. लेखी द्या, पोच घ्या. 'आपले सरकार' पोर्टलवरही टाका. रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला हवेत, असे वैद्यक परिषदेच्या नियमांत आहे. ते मागायला संकोच करू नका.

आरोग्यावर सरकार पुरेसा खर्च करत नाही म्हणतात. म्हणजे किती?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितले होते की २०२० पर्यंत अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला द्या. महाराष्ट्र त्याच्या निम्म्याच्या थोडा पुढे घुटमळतो. मंजूर झालेलेही वर्षअखेर पुरते खर्च होत नाही. देशातले सर्वांत मोठे अर्थकारण असलेल्या राज्याला ही लाज वाटायला हवी.

माझ्या एकट्याच्या अर्जाने काय होणार?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर फुकट. उत्तर ३० दिवसांत, जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. 'तुमच्याकडे डॉक्टर का नाहीत' असे विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असे विचारा: आपल्या ग्रामीण रुग्णालयात मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे किती, संवर्गनिहाय, प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, ते भरण्यासाठी कोणत्या कार्यालयाला, कोणत्या तारखेला पत्र पाठवले आणि त्याचे उत्तर काय आले, गेल्या वर्षी किती बाळंतिणी पुढे रेफर केल्या आणि कारण काय लिहिले, रुग्ण कल्याण समितीच्या बैठका कधी झाल्या, कोण हजर होते.

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक ठिकाणी खळबळ उडवतात, कारण समितीवर स्थानिक पुढारी असतात आणि बैठका फक्त रजिस्टरमध्ये झालेल्या असतात. उत्तर आले की त्याच्या प्रती काढा. एक ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडा, एक आमदारांना पोच घेऊन द्या आणि अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकायला सांगा. एक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर आणि सिस्टरनाही द्या. त्यांनी हीच पदे मागणारी पत्रे आधी पाठवलेली असतात. ती कुठे अडली ते त्यांना विचारा आणि पुढच्या अर्जात त्या कार्यालयाचे नाव घाला.